सरांनी आपलाच टाका उसवला

डॉ. मन्मथ हलगरे सरांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं संपादक मंडळाचं पत्र आलं आणि सरांविषयी काय काय आठवतं ते मी कागदावर उतरवू लागले. थोड्या वेळानं वाचून पाहिलं तर त्यातल्या बहुतेक आठवणींत मी कुठे ना कुठे थक्क होऊन उभी होते. सरांनी गेल्या वीस वर्षांत मला पुष्कळ दिलं. पण ते देताना त्यांनी मला आधी हादरवलं, हेही तितकंच खरं.

पहिली भेटच घ्या. मी हदगावजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून नांदेडात काम शोधत होते. दोन ठिकाणी नकार मिळाला होता. एका वडीलधाऱ्या डॉक्टरांनी तर तोंडावर विचारलं होतं, "हर्नियाचे पेशंट जांघ दाखवतील का बाईमाणसाला?" तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे हलगरे सरांच्या रुग्णालयात, मुलाखतीला गेले तर सिस्टर म्हणाल्या, "सर आत हायेत. तुम्हाला आतच बोलावलंय."

आत ऑपरेशन चालू होतं. फक्त जांघेपुरती भूल दिलेला एक शेतकरी टेबलावर पूर्ण जागा होता आणि सर त्याच्याशी सोयाबीनवर बोलत होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "हात धुऊन ये." मी हात धुऊन, गाऊन चढवून उभी राहिले. आतलं काम सरांनी संपवलं होतं. कातडी शिवायची राहिली होती. सरांनी सुईचा चिमटा माझ्या हातात दिला. टेबलावरचा माणूस दचकला.

"बाई शिवनार का सर?"

"हाव. माझ्यापेक्षा बारीक शिवती ती."

सरांनी माझा एकही टाका तोवर पाहिलेला नव्हता. मी शिवलं, सरांनी वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." मुलाखत एवढीच. जांघेचा प्रश्न त्यानंतर कुणी मला विचारला नाही, कारण सर प्रत्येक रुग्णाला आधीच सांगत, "आमच्या ज्योती मॅडम बघतील."

सर मूळचे उदगीरचे. घर व्यापाऱ्यांचं, आईची बोली कानडी, शाळा मराठी, बाजारात उर्दू. त्यामुळे समोरचा माणूस ज्या भाषेत कण्हतो त्या भाषेत त्याची विचारपूस करणं त्यांना जमतं. हर्निया म्हणजे काय हे ते सायकलच्या टायरवरून समजावतात. टायर झिजून फाटला की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावते, तसं पोटाची भिंत कमजोर झाली की आतडं जांघेत उतरतं. ट्यूब आत ढकलायची आणि फाटलेल्या जागी ठिगळ लावायचं. ते ठिगळ म्हणजे जाळी. सर ती बाहेरून, चिरा देऊन लावत. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत त्या कामात त्यांच्या हाताला तोड नव्हती. माणूस चालत टेबलाकडे यायचा आणि थोड्या वेळानं चालत खोलीत जायचा.

सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. मग मला दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकावीशी वाटली. तेच ठिगळ, पण पोटावर तीन लहान भोकं पाडून आतल्या बाजूनं लावायचं. सरांना हे पटत नव्हतं. "साध्या हर्नियासाठी माणसाला पुरी भूल द्यायची, पोटात गॅस भरायचा, आतडी अन मोठ्या रक्तवाहिन्या जिथं हायेत तिथं हत्यारं फिरवायची. कशासाठी?" असं ते भर सभेत म्हणत. तरीही मी हैदराबादला शिकायला जाते म्हटल्यावर त्यांनी स्वतः तिथल्या प्रमुखांना पत्र लिहिलं. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी नसताना तिला ताप आला तर सरांच्या पत्नी, आमच्या शोभाकाकू, तिला आपल्या घरी घेऊन गेल्या आणि मी परत येईपर्यंत ती तिथेच राहिली. मला हे कळलं ते परत आल्यावर. "तुला सांगितलं असतं तर तू शिकणं सोडून आली असतीस," सर म्हणाले.

परत येऊन मी नांदेडातच दुर्बिणीचं स्वतंत्र काम सुरू केलं. माझे रुग्ण लवकर कामाला लागत, दुखणं कमी असे. दोन्ही बाजूंचा हर्निया असला तर त्याच तीन भोकांतून दोन्हीकडचं काम होई. आधी चिऱ्यानं केलेला हर्निया पुन्हा उलटला असेल, तर जुन्या व्रणात न शिरता आतून जाता येई. मला वाटू लागलं, चिऱ्याचे दिवस संपले. हे मी बोलतही असे, आणि जरा चढ्या आवाजात.

चार वर्षांपूर्वी लातूरला आमच्या सर्जन मंडळींची बैठक होती. तिथे वाद ठेवला होता, हर्नियाला चिरा की दुर्बीण? चिऱ्याच्या बाजूनं हलगरे सर, दुर्बिणीच्या बाजूनं मी. गुरूविरुद्ध शिष्या म्हणून सभागृह गच्च भरलं. मी तीन आठवडे तयारी केली होती. सरांचे सगळे मुद्दे मला पाठ होते आणि प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी सरांना हरवायचं होतं.

सर व्यासपीठावर आले. त्यांच्या हातात कागद नव्हता, पडद्यावर चित्र नव्हतं. ते म्हणाले, "मी चिऱ्याची बाजू मांडायला उभा हाय. पण आधी एका माणसाची ओळख करून देतो. मागं भिंतीला टेकून उभे हायेत ते. त्यांना तुम्ही खुर्ची दिली, ते बसले न्हाईत. का बसले न्हाईत ते ऐका."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ संकोचून उभे होते. ते गंगारामभाऊ. माहूरला गडाच्या वाटेवर त्यांचं खण-नारळाचं दुकान. त्या बैठकीच्या सहा वर्षं आधी सरांनी त्यांचा हर्निया चिऱ्यानं केला होता.

पुढचं सरांनी सांगितलं ते असं. तीन महिन्यांपूर्वी ते देवीच्या दर्शनाला माहूरला गेले होते. वाटेत गंगारामभाऊंनी हाक मारली, पाया पडले, चहा मागवला. सगळे दुकानदार आपापल्या गादीवर मांडी घालून बसलेले, हे एकटे उभे. सरांनी विचारलं, "गंगाराम, बसत का न्हाईस?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक लई हाय जी." गिऱ्हाईक एकही नव्हतं. सरांनी पुन्हा विचारलं. ते नारळ पुसू लागले. तेव्हा आतून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या,

"त्यायला बसताच येत न्हाई सर. आपरेशन झाल्यापासून मांडी घातली, खुर्चीवर टेकलं तरी जांघेत कोनी सुरी खुपसल्यावानी होते. सा वर्सं झाली, उभ्यानंच धंदा करून राहिले. जेवतेत बी उभ्यानं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"मी म्हनले होते, चला नांदेडाला. हे म्हनले, सरांनी एवढ्या मायेनं केलं, त्यायला कसं सांगावं? वाईट वाटंल त्यायला."

एवढं सांगून सर थांबले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या हातातले कागद मला अचानक जड वाटू लागले.

"घरी आलो," सर पुढे म्हणाले, "अन जुन्या वह्या काढल्या. ज्यांचा ज्यांचा पत्ता लागला त्यांना फोन केला, निरोप धाडले. जे येऊ शकले न्हाईत त्यांच्या गावी गेलो. पुष्कळ जण ठणठणीत हायेत. पण गंगारामसारखे आणखी निघाले. कोणी सायकल सोडली, कोणी खाली बसून जेवणं सोडलं. एकानंही मला सांगितलं न्हाई. मी आजवर छाती ठोकून सांगत आलो की माझ्या पेशंटला दुखत न्हाई. खरी गोष्ट अशी हाय, की ते माझ्याकडं परत आले न्हाईत, अन मी त्याला बरं होणं समजलो."

मग ते माझ्याकडे वळले. "आता ज्योती बोलंल. तिचा मुद्दा बरोबर हाय, दुर्बिणीत हे दुखणं कमी राहतं. फक्त तिनं मला एक सांगावं. ज्योती, तुझे जुने पेशंट तू बोलावून पाहिलेस का?"

मी उठले. "नाही सर" एवढं म्हणून मी खाली बसले. माझं भाषण झालंच नाही. अध्यक्षांनी काहीतरी समारोप केला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण त्या कशासाठी वाजवायच्या हेच कुणाला कळत नव्हतं. बाहेर चहाच्या टेबलाशी सरांच्याच वयाचे एक सर्जन मला म्हणाले, "हलगरेंनी आयुष्यभराचं नाव एका दुपारी उधळलं." मी कप तसाच ठेवून गाडीकडे निघाले.

नांदेडला परत येताना सर, गंगारामभाऊ आणि मी एकाच गाडीत होतो. गंगारामभाऊ पुढच्या सीटवर पाय ताणून, अर्धवट आडवे झाले होते. अहमदपूर मागे पडल्यावर सर म्हणाले, "ज्योती, याचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी माझ्या तपासणीच्या खोलीत आम्ही दोघांनी त्यांना तपासलं. सर एका बोटानं जांघ चाचपत गेले आणि एका ठिकाणी गंगारामभाऊ ओरडले. नेमक्या त्या जागी सरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी म्हणाले, "आता मांडी घाल."

गंगारामभाऊंनी घाबरत एक पाय वर घेतला. मग दुसरा. तपासणीच्या टेबलावर ते मांडी घालून बसले आणि आमच्याकडे बघत राहिले. मग एकदम रडू लागले. "दुखून न्हाई राहिलं जी," ते म्हणाले. "बसलो मी. कौसल्येला बोलवा." सकाळच्या गाडीनं माहूरहून आलेल्या कौसल्याबाई आत आल्या, नवऱ्याला तसं बसलेलं पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. भुलीचा अंमल दोन तासांत उतरला आणि ते पुन्हा उभे राहिले. पण कारण कळलं होतं. तिथली एक नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू, कशात तरी अडकली होती.

ती सोडवायची तर जुनी जाळी काढावी लागणार आणि जाळी काढली तर हर्निया पुन्हा उघडा पडणार. आम्ही दोघं तासभर बोललो. ज्या प्रश्नावर आम्ही सभांतून भांडत होतो, तो प्रश्न एका माणसाच्या जांघेपाशी येऊन वेगळाच दिसायला लागला होता. ठरलं ते असं. आधी मी दुर्बिणीतून, आतल्या बाजूनं नवी जाळी लावायची. मग बाहेरून, सरांच्याच जुन्या व्रणावर चिरा देऊन जुनी जाळी काढायची आणि नस मोकळी करायची. एकाच माणसावर दोन्ही रीती.

"कॅमेरा कोण धरंल?" सरांनी विचारलं.

"माझा असिस्टंट आहे सर."

"मी धरतो."

आमच्या कामात दुर्बिणीचा कॅमेरा सर्वांत कनिष्ठ डॉक्टर धरतो. सर्जन जिथे बघेल तिथे त्यानं तो फिरवायचा, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सत्तरी ओलांडलेले हलगरे सर त्या दिवशी माझ्या टेबलाशी, कनिष्ठाच्या जागी उभे राहिले. आमच्या सिस्टरनं हत्यारांचा ट्रे हातात घेतला आणि ती तशीच थबकली. मी "सर, जरा डावीकडे" म्हणायला धजत नव्हते. दोनदा दृश्य हललं. सरच शेवटी मास्कमधून म्हणाले, "मॅडम, हुकूम सोडा. मी आज शिकाऊ हाय."

आतली जाळी नीट बसली. मग मी जुन्या व्रणावर चिरा दिला आणि सर माझ्यासमोर मदतीला आले. व्रणाच्या जुन्या ऊतींतून वाट काढायला पुष्कळ वेळ लागला. जाळीच्या कडेशी पोचलो तेव्हा पांढरी, सुजलेली नस दिसली आणि तिच्याभोवती निळा धागा. जाळी बसवताना घातलेला एक टाका नसेला कवळून गेला होता.

"थांब," सर म्हणाले. "मला बघू दे."

ते वाकले. भूलतज्ज्ञांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मग सर शांतपणे म्हणाले, "माझाच हाय. गाठ माझी हाय."

ती गाठ मीही ओळखली होती. शेवटचा फेरा उलटा घेऊन आवळायची ती रीत सरांनी मला शिकवली होती आणि सात वर्षं मी तशाच गाठी मारल्या होत्या, याच जागी, याच धाग्यानं. माझ्या किती गाठी कुणाकुणाच्या जांघेत अशा बसल्या असतील? मी कात्री सरांपुढे धरली. त्यांनी तो टाका स्वतः कापून काढला. नस इतकी खराब झाली होती की तेवढा भाग काढून टाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गंगारामभाऊंच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. मी बाजूला होते, कौसल्याबाई पायथ्याशी.

"गंगाराम, तुझ्या दुखण्याचं कारण मी होतो. माझा टाका नसेवर पडला होता."

"जाऊ द्या जी सर. झालं ते झालं."

"जाऊ द्यायचं न्हाई. सहा वर्सं तू उभा राहिलास. माझ्यामुळं राहिलास. हे तुला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं."

कौसल्याबाई म्हणाल्या, "सर, आता आमी पुढच्या टायमाला सांगत जाऊ. तुमी बी इचारत जा." सरांनी दोन्ही हात जोडले. नांदेड-लातूरमधला एवढा मोठा सर्जन एका दुकानदाराच्या बायकोपुढे हात जोडून बसला होता आणि वॉर्डातले बाकीचे रुग्ण बघत होते. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दीड महिन्यानं गंगारामभाऊंचा फोन आला. जांघेचा एक तुकडा बधिर झाला होता, तो तसाच राहणार होता. "बधिर चालंल मॅडम," ते म्हणाले. "काल पंगतीत बसलो."

मी माझे जुने रुग्ण बोलवायला घेतले. दुखण्याच्या तक्रारी थोड्याच निघाल्या, हे खरं. पण एकाचा हर्निया पुन्हा उलटला होता आणि त्यानं तो दुसऱ्या गावी जाऊन करून घेतला होता. मला का सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाला, "तुमी लई बिझी राहता." सरांच्या हाताखाली असताना मारलेल्या गाठींचाही मी माग काढते आहे. त्यातल्या दोघांना थोडं दुखत होतं. त्यांना मी तेच सांगितलं, जे सरांनी गंगारामभाऊंना सांगितलं होतं. सोपं नाही ते.

आज सर आणि मी आठवड्यातून एकदा एकत्र बसतो. दोन्हीकडचा हर्निया, उलटलेला हर्निया, लवकर कामावर जायची गरज असलेला माणूस, हे सहसा माझ्याकडे येतात. ज्याचं हृदय किंवा छाती पुरी भूल सोसणार नाही त्याला सर जागेपणीच, चिऱ्यानं करतात आणि आता प्रत्येक वेळी नस आधी शोधून बाजूला घेतात. मागे मी एका आजोबांना दुर्बिणीसाठी ठरवून बसले होते. सर म्हणाले, "जिना चढायला लावलंस का त्यांना?" नव्हतं लावलं. अर्ध्या जिन्यात ते धापा टाकत खाली बसले. त्यांचं काम सरांनी केलं.

हा लेख छापायला देण्याआधी मी सरांकडे घेऊन गेले. गौरवग्रंथात असलं काही चालेल का, अशी धास्ती होती. संपादक मंडळींनाही ती होती. गंगारामभाऊंनी आधीच परवानगी दिली होती. सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग पेन मागितलं आणि एक शब्द खोडला. टाक्याविषयी लिहिताना मी एके ठिकाणी "सरांकडून अनवधानाने" असं लिहिलं होतं. त्यांनी "अनवधानाने" काढून टाकलं.

"माझं लक्ष होतं, ज्योती," ते म्हणाले. "लक्ष असून चुकलो. तसंच छाप."

पंचाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या गौरवग्रंथात, एवढी सवलतसुद्धा नको म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सर, तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, तुमचे हात असेच स्थिर राहोत, आणि तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे आम्हा सर्वांचं मागणं आहे. शोभाकाकूंसह तुम्ही शंभरी पाहावी. आणि तोवर आम्ही लिहिलेलं, आम्ही शिवलेलं असंच तपासत राहावं. आम्हाला अजून तुमचा धाक हवा आहे.